शिरवळच्या बाजारातले पुस्तक

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की कापूरहोळ मागे पडते, सारोळा येतो आणि पाठोपाठ नीरा नदीवरचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा संपतो, पलीकडे सातारा जिल्हा सुरू होतो आणि पहिले मोठे गाव येते ते शिरवळ. महामार्गावरून वेगाने जाणाऱ्या बहुतेकांच्या लेखी शिरवळ म्हणजे चहाचा थांबा, कारखान्यांच्या पाट्या आणि खंबाटकी घाट जवळ आल्याची खूण. पण वाचकहो, पुढच्या वेळी मुलांना घेऊन या बाजूला आलात तर गाडी जरा आत वळवा. ‘मुलाने शाळेतच शिकले पाहिजे का?’ हा प्रश्न आज अनेक घरांत जेवणाच्या ताटावर निघतो. त्या प्रश्नाशी जोडलेली एक जुनी आठवण या गावाच्या बाजाराची आहे.

शिरवळपासून काही किलोमीटरवर नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी तेथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. लहानगी सावित्री एकदा शिरवळच्या आठवडी बाजाराला आली. खाऊ खात रस्त्याने चालली असता एका मिशनऱ्याने तिला थांबवले, चालता चालता खाऊ नये असे समजावले आणि एक छोटे पुस्तक हातात ठेवले, अशी आठवण सांगितली जाते. घरी आल्यावर वडिलांनी ते फेकून दिले. मुलीने ते गुपचूप उचलून जपले आणि लग्नानंतर पुण्याला सोबत नेले. त्यातले एकही अक्षर तिला वाचता येत नव्हते.

१८४० मध्ये सावित्रीबाईंचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. त्यांची पहिली शाळा म्हणजे सासरचे घर आणि शेत, आणि पहिले शिक्षक म्हणजे पती. सगुणाबाई क्षीरसागरही त्यांच्यासोबत शिकत होत्या. पुढे जोतीरावांचे स्नेही केशव शिवराम भवाळकर आणि सखाराम यशवंत परांजपे यांनी त्यांचे शिक्षण पुढे नेले. अहमदनगर आणि पुणे येथे त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. १८४८ मध्ये पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. शाळेची पायरी न चढलेल्या मुलीने घरी शिकून इतरांसाठी शाळा उघडली.

महाराष्ट्रात हे एकच उदाहरण नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने. रमाबाई रानडे आणि आनंदीबाई जोशी यांचा अक्षरांशी गंभीर परिचय झाला तो पतीच्या हाताखाली. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. या स्त्रिया घरी शिकल्या, कारण बहुतेक शाळांची दारे त्यांना बंद होती. आज जी कुटुंबे गृहशिक्षण, म्हणजेच होमस्कूलिंग, स्वीकारतात, त्यांच्यासमोर दार उघडे असते आणि तरीही ती आत जात नाहीत. असे का होते?

कारणे घरागणिक वेगळी असतात. कोणाचे मूल वर्गाच्या गतीत गुदमरते, तर कोणाचे त्या गतीने कंटाळते. काहींना वाचन-लेखनातील अडचणी किंवा स्वमग्नता असते आणि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात त्यांच्याकडे पाहायला कोणाला उसंत नसते. कोणी चिडवण्याला, माराला भ्यालेले असते. कोणाच्या आईवडिलांची दर दोन वर्षांनी बदली होते. खेळ, संगीत, नृत्य यांत दिवसाचे अनेक तास घालवणारी मुलेही असतात. आपल्या पाक्षिकाच्या वाचकांना आणखी एक कारण जवळचे वाटेल, ते म्हणजे आरोग्य. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते असे तज्ज्ञ सांगतात. पहाटे उठून बस गाठणाऱ्या मुलाला ती मिळत नाही. ही तक्रार इतकी खरी होती की २०२४ मध्ये राज्य शासनाला चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचे आदेश काढावे लागले. त्याआधी २०१५ मध्ये दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असेही सांगावे लागले होते.

मग घरी शिकणे चालते तरी कसे? शिरवळमध्येच एक दिवस काढून पाहा. सकाळी नीरेच्या काठी उभे राहा. ही नदी भोरकडच्या डोंगरांत उगम पावते, दोन जिल्ह्यांची सीमा होते, वीर धरणात विसावते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. नकाशावर बोट फिरवत तिचा माग काढला की भूगोलाचा एक धडा पुरा होतो. गावालगत सुभानमंगळ या भुईकोटाचे अगदी थोडे अवशेष उरले आहेत. १६४८ मध्ये आदिलशाही फौजेने हा कोट घेतला आणि कावजी मल्हार यांच्या नेतृत्वाखाली शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी तो परत जिंकला. पडक्या बुरुजापाशी उभे राहून ही हकीकत ऐकलेले मूल ते साल सहसा विसरत नाही. जवळच्या डोंगरात साधी, कोरीवकामाचा डामडौल नसलेली बौद्ध लेणी आहेत. त्यांतील स्तूपाचा घेर दोरीने मोजा, व्यासाने भागा आणि वर्तुळाचे ते जगप्रसिद्ध गुणोत्तर मुलालाच शोधू द्या. गावात क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी रीतसर परवानगी घेतली तर गायीला चार कप्प्यांचे पोट का असते, हे सांगणारी माणसे तेथे भेटू शकतात. आणि बाजारात भाव विचारून हिशेब करणे हे तर अंकगणितच.

गृहशिक्षण करणाऱ्या घरांतला दिवस साधारण असाच उलगडतो. बहुतेक घरे भाषा आणि गणित यांसाठी सकाळचे दोन-तीन तास बांधून घेतात. उरलेला वेळ वाचन, हातकाम, स्वयंपाक, खेळ आणि भटकंतीला जातो. काही पालक शाळेचीच पाठ्यपुस्तके वापरतात; काही मुलाच्या कुतूहलामागे जातात. अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये अशा पालकांसाठी नियतकालिक सुरू केले, तेव्हापासून हा दुसरा मार्ग जगभर चर्चेत आहे. जर्मनीसारख्या देशात मात्र शाळेत जाणे सक्तीचेच आहे.

आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकांचे कर्तव्य मानले आहे. मात्र तसे न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही आणि गृहशिक्षणाचा उल्लेखही नाही. म्हणजे उघड मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही, अशा पट्ट्यात ही कुटुंबे वावरतात. त्याच कायद्याने शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची सोय केली आहे, त्यामुळे परतीची वाट खुली राहते. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तेथे चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीसाठी नाव नोंदवता येते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. आणि ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून दहावीला खासगीरीत्या बसण्याची वाट तर आपल्या आजोबांपासून माहीत आहे.

येथवर वाचून मन मोहरले असेल, तर थोडे थांबा. शाळेत न गेल्याने काही गोष्टी निसटतात आणि त्या तुम्हालाच भरून काढाव्या लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आरोग्य तपासणी अंगणवाडीत आणि शाळेत होते. जंतनाशक गोळीही तेथेच मिळते. घरी शिकणाऱ्या मुलाचे डोळे, दात, कान, वजन आणि उंची वर्षातून एकदा तपासून घेणे, पाचव्या-सहाव्या वर्षीचा डोस आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस चुकू न देणे ही जबाबदारी पालकांची ठरते. रोज तासभर दमवणारा खेळ हवा, आणि तो शक्यतो इतर मुलांबरोबर हवा. भांडणे, रुसवे, पुन्हा खेळायला बोलावणे हे पुस्तकातून येत नाही. पडद्यावरच्या वर्गांना गृहशिक्षण समजण्याची चूक करू नका. २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी तो अनुभव घेतला आहे. आणि शिकवणाऱ्याच्या प्रकृतीचाही विचार करा. हे ओझे बहुधा आईवर पडते. तिची झोप, तिचे काम, तिचा एकांत यांचा हिशेब निर्णयाआधीच मांडला पाहिजे.

सद्हेतू पुरेसा नसतो, याची साक्ष गांधीजींच्या घरातून मिळते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना शाळेत न घालता घरी शिकवले. मुलांना द्यायला हवा होता तेवढा वेळ आपण देऊ शकलो नाही, हे त्यांनी आत्मचरित्रात मान्य केले आहे. रीतसर शिक्षण हुकल्याचा सल थोरल्या हरिलालच्या मनात कायम राहिला. पालकाचे तत्त्व कितीही उंच असो, त्याची किंमत मूल मोजते. म्हणून दर वर्षी मुलाला विचारा, ‘तुला शाळेत जावेसे वाटते का?’ आणि उत्तर ‘हो’ आले तर ते मनावर घ्या.

संध्याकाळी परतण्यापूर्वी नायगावला जा. सावित्रीबाईंचे जन्मघर तेथे स्मारक म्हणून जपले आहे आणि दर ३ जानेवारीला तेथे मोठी गर्दी लोटते. त्या घरात उभे राहिल्यावर एक गोष्ट टोचते. याच परिसरात ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, बांधकामावर राबणाऱ्यांची मुलेही शाळेबाहेर असतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला थांबलेली दहा वर्षांची मुलगीही ‘घरीच’ असते. तिला कोणी गृहशिक्षण म्हणत नाही. घरी शिकणे आणि घरी बसवले जाणे यांत अंतर आहे ते वेळ देणाऱ्या मोठ्या माणसाचे, पुस्तकांचे आणि निवडीच्या मोकळीकीचे. ज्यांच्याकडे हे सर्व आहे, त्यांनी आपला मार्ग अवश्य निवडावा. पण गावातली शाळा नीट चालावी यासाठीही त्यांनी धडपडावे. सावित्रीबाईंनी घरी मिळालेली अक्षरे घरातच ठेवली नाहीत.

परतीच्या वाटेवर शिरवळच्या बाजारात पुन्हा थांबा. मुलाला हवे ते एखादे पुस्तक घ्या आणि शाळेत न जाणाऱ्या, ओळखीच्या एखाद्या मुलीसाठी दुसरे. ते तिला वाचता येत नसेल, तर आठवड्यातून एक तास तिच्याशेजारी बसण्याची तयारीही सोबत न्या.