‘रॉट’ : एका अनियमित धातुसाधिताचा अर्थ आणि वापर

‘रॉट’ (डब्ल्यू, आर, ओ, यू, जी, एच, टी) हे ‘वर्क’ या इंग्रजी क्रियापदाचे जुने भूतकालवाचक धातुसाधित. अर्थ ‘घडवलेले’. प्रस्तुत लेखकाच्या इंग्रजीच्या वर्गात बहुतेक मुलांनी हा शब्द आधी फाटके बनवणाऱ्यांच्या पाटीवर पाहिलेला असे. उच्चारसाम्यामुळे काहींना तो ‘कुजणे’ या अर्थाचा ‘रॉट’ वाटे, तर काही जण वहीत ‘रॉड आयर्न’ लिहीत. व्युत्पत्ती सांगितली की दोन्ही गोंधळ मिटत.

जुन्या इंग्रजीत ‘वर्क’च्या भूतकाळी रूपात स्वर आधी आणि ‘र’ नंतर येई. पुढे त्यांची अदलाबदल झाली. मराठीत ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते, तसाच हा वर्णविपर्यय. ‘प्लेराइट’मधला ‘राइट’ही याच कुळातला. त्याचा अर्थ ‘घडवणारा’; लिहिण्याशी त्याचे नाते नाही. कालांतराने ‘वर्क्ड’ हे नियमित रूप रुळले आणि ‘रॉट’ ठरावीक प्रयोगांपुरते उरले.

सर्वांत परिचित प्रयोग ‘रॉट आयर्न’, म्हणजे घडीव लोखंड. तापवून, ठोकून त्याला आकार देतात. त्यात कार्बन अत्यल्प असल्याने ते चिवट असते. ओतीव लोखंडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, म्हणून ते ठिसूळ. दिल्लीचा लोहस्तंभ आणि १८८९ मध्ये पूर्ण झालेला आयफेल टॉवर हे दोन्ही घडीव लोखंडाचे आहेत. आज याच नावाने विकली जाणारी पुष्कळ फाटके मात्र साध्या पोलादाची असतात.

कसबी दागिन्याला किंवा रेखीव कथेला ‘फाइनली रॉट’ म्हणतात. अति ताणाने अस्वस्थ झालेला माणूस ‘ओव्हररॉट’. वादळाने केलेला विध्वंस किंवा कायद्याने घडवलेला बदल सांगतानाही हे रूप येते. तिथे ते ‘रीक’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप समजले जाते, पण ‘रीक’चे रूप ‘रीक्ड’ असे नियमित आहे.

नोकरी किंवा रोजचे काम सांगताना ‘रॉट’ चालत नाही. तिथे ‘वर्क्ड’च हवे. शिक्षकांनी हे रूप तक्त्यातून पाठ करून घेण्याऐवजी ‘घडवलेले’ या अर्थासह शिकवावे. अर्थ कळला की स्पेलिंग आणि वापर दोन्ही लक्षात राहतात.