इगतपुरी की खार?

मुंबईत खारमधलं घर विकून इगतपुरीला जावं का, हा विषय हल्ली रोज जेवणाबरोबर वाढला जातो. तिथून कळसूबाई जवळ. 1646 मीटरचं शिखर, पायथ्याचं बारी गाव, शिवाय भंडारदरा, रतनगड, अलंग-मदन-कुलंग. इथून ट्रेक म्हणजे आधी दादर गाठा, मग कसारा लोकल. आई विचारते, "उद्या गुडघे धरले की डोंगर काय चाटायचाय?" तिचं अगदीच चुकत नाही. जुलैत तिथे कपडेसुद्धा वाळत नाहीत आणि धुक्यात कड्यावर जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण खरी अडचण नोकरीची. लोकल कसाऱ्यालाच संपते. पुढचा थळ घाट चढायला गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. रोजची ये-जा मला झेपणार नाही. विकायची घाई नको, आधी एक पावसाळा भाड्याने काढावा. घरमालक मात्र अकरा महिन्यांच्या कराराशिवाय बोलायलाच तयार नाही.