कव्हरवर नाव कुणाचं?

आमच्या परीक्षेचा एक नियम पक्का आहे. गाणं ऐकून नुसतं बँडचं नाव सांगितलं, तर अर्धाच गुण. उरलेला अर्धा हवा असेल तर पुढचं सांगावं लागतं: रेकॉर्ड कुणाच्या पैशातून निघाली, कुठे ध्वनिमुद्रित झाली, दुकानापर्यंत ती कोण घेऊन गेलं आणि कव्हरवर कुणाचं नाव छापायचं राहून गेलं. विषय जुन्या इंडी आणि अल्टरनेटिव्ह संगीताचा, साधारण १९७७ ते १९९४ या वर्षांतला. परीक्षेला बसणारे आम्ही चौघं. एक मित्र अलिबागचा, एक पोयनाडचा, एक मैत्रीण रोह्याची आणि मी वडखळचा. गोव्याचा रस्ता आणि अलिबागचा रस्ता वडखळलाच फुटतो, त्यामुळे जमायचं आमच्याकडे. आणि जमायचं ते पोपटीला.

रायगडाबाहेरच्या वाचकाला पोपटी सांगायला हवी. भात कापून झालं की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की मडकं काढायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला दाबून तोंड गच्च बंद करायचं. मग मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा आणि सुका पाला पेटवायचा. आत पाण्याचा एक थेंब नसतो, भांबुर्ड्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. अर्धा-पाऊण तास जाळ सांभाळत बसावं लागतं, तिथून हलता येत नाही. आमचा पेपर त्या वेळात होतो.

अर्ध्या गुणाचा नियम कुठून आला, ते मला नीट ठाऊक आहे. हे संगीत आमच्याकडे उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आलं. नव्वदच्या दशकात केबलवर रात्री उशिरा एखादा व्हिडिओ दिसायचा, नाव वाचेपर्यंत निघून जायचा. कुणाचा भाऊ मांडव्याहून लाँचने मुंबईला कॉलेजला जायचा, तो काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्याउभ्या कॅसेट ऐकून यायचा. विकत घेणं परवडायचं नाही. मग कुणीतरी मूळ कॅसेट मिळवायचं आणि बाकीचे कोऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ती भरून घ्यायचे. भरलेल्या कॅसेटला कव्हर नसायचं. निळ्या बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची नावं, तीही ऐकून लिहिलेली, बस्स. ती गाणी मला तोंडपाठ होती, पण ती कुणी वाजवली, कुठल्या गावात, कुणी पैसे घातले, यातलं काही कळायला मार्ग नव्हता. आज फोनवर बोट ठेवलं की नाव येतं. म्हणून नाव ओळखण्याचा गुण आम्ही अर्ध्यावर आणला, आणि जे कव्हर कधी हाताला लागलं नाही त्याला उरलेला अर्धा दिला.

या संगीताबाबत तो नियम योग्यही आहे, कारण पैसे कुणाचे हा त्याचा जन्मप्रश्नच होता. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. कुठलीही कंपनी नाही. घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, १,००० प्रती काढल्या आणि स्वतः विकल्या. कव्हरवर त्यांनी प्रत्येक गाणं कितव्या प्रयत्नाला जमलं तेही छापलं. मला ती नोंद फार मोलाची वाटते. वाचणाऱ्या पोराला ती सांगते की हे असं केलं जातं, एवढ्या वेळा वाजवून होतं, तूही कर. पुढे गावोगावच्या पोरांनी तेच केलं, त्यांच्या रेकॉर्डी पोचवणारी दुकानं आणि वितरक उभे राहिले, आणि जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डींची वेगळी विक्रीयादी सुरू झाली. तिच्यात यायची अट संगीत कसं आहे ही नव्हती. रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात आलेली असली पाहिजे, एवढीच अट होती. म्हणजे ट्रक कुणाचा, हा प्रश्न. महामार्गाच्या नाक्यावर वाढलेल्या माणसाला तो लगेच कळतो.

पोयनाडच्या मित्राचा आवडता प्रश्न निर्वाणा या बँडच्या पहिल्या अल्बमचा आहे. ‘ब्लीच’, १९८९, सिएटलच्या सब पॉपने काढलेला. ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. तो भरला जेसन एव्हरमन नावाच्या गिटारवाल्याने. त्याचं नाव कव्हरवर आहे, फोटोत तो आहे, पण अल्बममधल्या एकाही गाण्यात त्याने वाजवलेलं नाही. पुढे तो सैन्यात गेला. हा प्रश्न आम्हा सगळ्यांना पाठ झाला आहे, तरी मित्र दरवर्षी विचारतो, आणि विचारू दे. ‘पैसे दिले त्याचं नाव लागलं, यात काय वाईट?’ यावर आमचं दरवर्षी नव्याने भांडण होतं.

अशा परीक्षांची एक वाईट रीतही आहे, आणि ती मला मनापासून नकोशी आहे. कुणी तरुण बँडचा टी-शर्ट घालून आला की जाणकाराने त्याला अडवायचं: तीन गाणी सांग. सांगता आली नाहीत की टी-शर्ट काढ, असा सूर. मुलींच्या वाट्याला हे जास्त येतं. रोह्याची मैत्रीण कॉलेजात असताना तिला हे इतक्या वेळा विचारलं गेलंय की आमच्या पेपरात तो प्रश्न तिने कायमचा बंद केला.

तरी एका पोपटीला तो विचारला गेलाच. अलिबागच्या मित्राचा भाचा आला होता, पेणला बी.एस्सी. करणारा. अंगात काळा टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या रेषांचे डोंगरासारखे चढउतार. असे टी-शर्ट आता पनवेलच्या रस्त्यावर ढिगाने मिळतात. मामाच म्हणाला, ‘तीन गाणी सांग या बँडची.’ पोरगा गोंधळला. ‘मामा, बँड कुठला? हा पल्सार आहे.’

आणि मग तो बोलायला लागला. विज्ञान दिनाला कॉलेजची सहल जुन्नरजवळ खोडदला गेली होती, डॉ. गोविंद स्वरूपांनी उभारलेली जीएमआरटी दुर्बीण पाहायला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतांमधून पसरलेल्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या. तिथे त्याला पल्सार कळला: स्वतःभोवती गरगर फिरणारा मेलेला तारा, प्रत्येक फेरीला एक रेडिओ ठोका पाठवणारा. त्याच्या छातीवरचा तारा पहिला सापडलेला. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला मैलभर कागदी नोंदींत एक विचित्र खूण दिसली. ती तिने सोडून दिली नाही, पुन्हा पुन्हा तपासली. ठोके १.३३७ सेकंदांच्या अंतराने, कधी न चुकता. १९७४ चं नोबेल पारितोषिक तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्युइशांना, मार्टिन राइल यांच्यासोबत मिळालं. तिला मिळालं नाही.

उरलेलं आम्ही त्याला सांगितलं. ते चित्र हॅरॉल्ड क्राफ्ट या संशोधकाने आरेसिबोच्या दुर्बिणीच्या नोंदींवरून १९७० च्या प्रबंधासाठी काढलं, त्या ताऱ्याचे ८० ठोके एकाखाली एक रचून. मग ते खगोलशास्त्राच्या एका कोशात छापलं गेलं. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडने ते कोशातून उचललं आणि पीटर सॅव्हिलने पांढऱ्यावरच्या काळ्या रेषांच्या जागी काळ्यावर पांढऱ्या केल्या. १९७९ चा ‘अननोन प्लेझर्स’, फॅक्टरी रेकॉर्ड्स. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. क्राफ्टला हे कुणी विचारलं नव्हतं. अल्बम निघून गेल्यावर त्याला कळलं.

पोराने फोनवर अल्बम लावला. ड्रमचे कोरडे, एकसारखे ठोके सुरू झाले आणि तो म्हणाला, ‘हे चित्राला शोभतंय.’ माझ्या मते त्या रात्री त्याला पूर्ण गुण मिळायला हवे होते आणि आम्ही ते दिले. बँड न ओळखताही त्याने कव्हरवर न छापलेलं एक नाव, बेलचं, आमच्या पेपरात आणलं होतं. एव्हरमनने काही न वाजवता त्याचं नाव लागलं, बेलने शोधूनही तिला पारितोषिक मिळालं नाही. हे दोन प्रश्न तेव्हापासून आम्ही जोडूनच विचारतो.

इथल्या प्रश्नांकडे आम्ही त्यानंतर वळलो. वडखळवरून खाली जाणारा रस्ता गोव्याला पोचतो. तिथे शिवोलीत रेमो फर्नांडिसने १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ घरीच ध्वनिमुद्रित केला, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, वाद्यं स्वतः वाजवून, कव्हर स्वतः काढून. मग स्कूटरवर कॅसेटी लादून दुकानांत देत फिरला. ट्रक कुणाचा, या प्रश्नाला याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. ब्रिटिश यादीची अट त्याला लावून पाहा, शंभर टक्के बसतो. तरी आमच्या पहिल्या पेपरांत मँचेस्टरचे प्रश्न ढीगभर होते आणि शिवोलीचा नव्हता. शिवोलीला याच रस्त्याने जाता येतं, पण तिथली गाणी आम्हाला इथल्या नाक्यावर कधी भरून मिळाली नाहीत. मिळायची ती सिएटलची.

मराठी वाचकाला जवळचा असा प्रश्न नंदू भेंड्यांचा. मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडस झालेला हा रॉक गायक १९७८ साली थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश झाला. पु. लं.नी ब्रेख्तच्या नाटकाचं केलेलं रूपांतर, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. मराठी प्रेक्षकाने रॉकचा गळा रंगमंचावर ऐकला तो असा. अलिबागच्या मित्राच्या मते हे विषयात बसत नाही, कारण काळ बसतो पण स्वतंत्र रेकॉर्ड नाही. त्याचं बरोबर आहे. प्रश्न ठेवला आहे, गुण देत नाही.

सिमला बीट मात्र आमच्या काळाबाहेरचा असूनही जोरात चालतो. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या नावाने भरवलेली बँडस्पर्धा, तिच्यातल्या बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या. देशातली कॉलेजची पोरं गॅरेज रॉक वाजवतात आणि खर्च सिगारेटवाला करतो. मी त्या रेकॉर्डी आवडीने ऐकतो आणि त्यांना इंडी म्हणत नाही.

आणि मग आमच्या दारातलं. ज्या वर्षांत आम्ही सिएटल भरून घेत होतो, त्याच वर्षांत खाडीकाठच्या खारेपाटात, पेणच्या बाजारात, हळदीच्या मांडवात आगरी-कोळी गीतांच्या कॅसेटी वाजत होत्या. गावातल्या बँजो पार्ट्या, गावातले गायक, छोट्या कंपन्या, विक्री जत्रेत आणि टपरीवर. मोठ्या कंपनीच्या वितरणाशी संबंध नाही. माझं ठाम मत आहे की १९८० ची अट लावली तर यातल्या कितीतरी कॅसेटी यादीत जातात, कुणाची मेहेरबानी म्हणून घ्यायची गरज नाही. रोह्याची मैत्रीण आता जुन्या बाजारातून त्यांची कव्हरं जमवते. कव्हर आहे, हीच मोठी गोष्ट. गायकाचा फोटो असतो, कंपनीचा पत्ता असतो, कधी बँजोवाल्याचंही नाव असतं. आणि गीतकाराच्या जागी पुष्कळदा एकच शब्द: पारंपरिक.

त्या शब्दापाशी ती अडून बसली. तिचं म्हणणं, यातल्या किती चाली लग्नात धवला गाणाऱ्या बायांच्या आहेत ते आपल्या आयांना विचारा. आगरी लग्नात हळदीपासून पुढच्या विधींबरोबर धवला गाणारी धवलारीण असते. तिने तो दुसरीकडून घेतलेला, तिने तिसरीकडून. कुणी काही जोडलं, कुणी चाल बदलली. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी यातलं कुणी तिथे नव्हतं आणि कव्हरवर ‘पारंपरिक’ छापलं गेलं.

पोयनाडचा मित्र म्हणाला, ‘मग धवलाही इंडीच म्हणायचा का?’ मी म्हटलं, नाही. धवल्याला दुकान नाही, विक्री नाही, तो विधीचा भाग आहे. त्याला आपल्या छंदाच्या खणात बसवलं तर त्याचं घर आपण काढून घेऊ. पण त्याची चाल कॅसेटवर गेली त्या दिवशी ती आपल्या विषयात आली, आणि मग आपलाच नियम लागू होतो: नाव कुणाचं राहिलं? मैत्रिणीने मान डोलावली नाही, पण वहीत लिहून घेतलं.

आता ती खारेपाटातल्या आपल्या आत्याकडे जाते. आत्या गाते, आणि आपण कुणाकडून शिकलो ते सांगते. त्या बाई कुठल्या गावच्या, त्यांच्या आधी कोण होत्या. फोनवर गाणं आणि वहीत नावं, असा तिचा उद्योग चालू आहे. नावं मी इथे देत नाही. घरच्यांना विचारून झालं की ती स्वतः देईल.

यंदाचा पेपर तिच्याकडे आहे. पहिला प्रश्न ठरलाय: बाजारात सर्वांनी ऐकलेल्या एका हळदीच्या गाण्याचा तुकडा ती लावणार आणि ही चाल कुणाकडून कुणाकडे आली ते विचारणार. उत्तर म्हणून ‘पारंपरिक’ लिहिलं तर शून्य गुण, हे तिने आत्ताच बजावून ठेवलंय.