सोडा ताई, सोडा!

घोडा एका बोटावर चालतो! एका! मधल्या! तुमच्या हाताचं मधलं बोट धरा बघू. धरलंत? आता असं समजा की बाजूची बोटं लाखो वर्षांत झिजत झिजत गेली, या एकाच बोटाचं नख जाड होत होत त्याचा खूर झाला आणि अख्खं जनावर त्या नखावर उभं राहिलं. पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणून आपण आजवर बघत आलो ना, तो गुडघा नाहीच, ते मनगट आहे! हे मला घोड्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मग मी दिवसभर भेटेल त्याचं मधलं बोट धरून हेच सांगत सुटले. शेजारच्या काकूंचंसुद्धा धरलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग सगळं वजन नखावर? दुखत नाही त्यांना?" बघा! त्यासुद्धा अडकल्या! आता तुमची पाळी.

आधीच सांगते, मी यातली जाणकार नाही. मला रपेट मारता येत नाही, माझी मांड पक्की नाही, घोड्याचे दात बघून वय सांगणारी माणसं मला जादूगार वाटतात. माझ्याकडे फक्त एक घोडी आहे. तीही अर्धी, कारण भावाने आणि मी मिळून घेतली. पूर्वी सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणायचा तो शिलेदार. म्हणजे आम्ही बहीणभाऊ मिळून एक शिलेदार!

घोडीचं नाव रंगी. तांबूस अंग, काळी आयाळ आणि बुटकी, कारण ती भीमथडीची आहे! हो, तीच भीमथडी! राज्यगीतात ज्या तट्टांचं नाव आपण शाळेपासून गात आलो, ती तट्टं खरीच आहेत, आजही आहेत, भीमा-नीरेच्या मुलखात मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर फिरतात! भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, नुकतीच जन्मलेली कोकरं, कधी वर बसलेलं एखादं पोर, असा सगळा संसार पाठीवर घेऊन माळरानावरून जातात. अलीकडे या घोड्यांची देशी अश्वांची वेगळी जात म्हणून रीतसर नोंदही झाली. आणि मी इतकी वर्षं पुण्यात राहून, याच रस्त्यांवरून जाता-येता, या घोड्यांकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं!

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

रंगीच्या खांद्यावर माशी बसली. एक माशी! आणि मग तिने शेपटी हलवली नाही, मान वळवली नाही, फक्त माशी बसली होती तेवढीच कातडी थरथरवली. तेवढीच! बाकी अंग स्थिर! मी बघतच राहिले. रंगीची देखभाल करणाऱ्या मोतद्दार मामांना मी म्हटलं, "मामा, बघितलंत का?" मामा खरारा करत होते, त्यांनी मान वर केली नाही. "ताई, जिला माशी कळते तिला तुमचं बोट कळणार नाही होय?"

हे वाक्य ऐकून मी गप्प झाले. खरंच की! चार माणसांच्या वजनाचं जनावर, म्हणून आपल्याला वाटतं की त्याला हलवायला जोर लागणार. दोरी ओढायची, टाच मारायची, ओरडायचं. आणि मग मामांनी मला जे दाखवलं त्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय, म्हणून जरा जवळ या.

मामा रंगीच्या समोर थोडे बाजूला उभे राहिले. तिच्या छातीवर दोन बोटं टेकवली. ढकललं नाही. टेकवली, आणि थांबले. काहीच होईना. मामा थांबलेलेच. रंगीचा एक कान इकडे वळला, दुसरा तिकडे, कारण घोड्याचे दोन्ही कान स्वतंत्र फिरतात, आणि कान जिकडे तिकडे तिचं लक्ष. आणि मग तिने वजन मागे घेतलं. पाऊल उचललंसुद्धा नव्हतं, नुसतं वजन मागे नेलं. त्याच क्षणी मामांची बोटं निघाली! त्याच क्षणी! रंगीने मोठा श्वास सोडला, जबडा हलवला, जीभ ओठांवरून फिरवली. मामांनी पुन्हा बोटं टेकवली आणि या वेळी ती लगेच एक पाऊल मागे गेली. पुन्हा बोटं काढली. पुढच्या खेपेला बोटं अंगाला लागायच्या आतच ती मागे सरकली!

"बोट लावल्यानं ती शिकत नाही," मामा म्हणाले, "काढल्यानं शिकते. सोडा ताई, सोडा!"

कळलं का तुम्हाला? बोट लावणं म्हणजे नुसता प्रश्न. "बरोबर!" असं जे सांगायचं असतं ते बोट काढण्यात असतं! सायकल शिकवताना मागचा हात ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी पोर सायकल शिकतं, अगदी तसंच. आणि सोडायचं कधी, तर जनावराने नुसता विचार केला तेव्हाच. पूर्ण काम होईपर्यंत धरून ठेवलं तर तिला कळतच नाही की आपण केलेलं बरोबर होतं. आणि बरोबर करूनही दाब सुटत नसेल, तर ती ऐकणं सोडून देते. टाचा मारून मारून ज्यांच्या कुशी बधिर झाल्या आहेत असे घोडे मामांनी पुष्कळ पाहिलेत. लोक त्यांना अडेल म्हणतात. मामा म्हणतात, "त्यांना उत्तरच कुणी दिलं नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही! कारण मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. घरात, ऑफिसात, फोनवर! मुलगी दहावीत आहे. ती पुस्तक उघडते, आणि उघडल्या क्षणी आपण काय म्हणतो? "आता गणितही काढ." बोटं काढलीच नाहीत! ऑफिसात एखाद्याने काम वेळेआधी दिलं की आपण त्याला लगेच पुढचं देतो. नवरा न सांगता भाजी घेऊन येतो आणि आपण विचारतो, कोथिंबीर कुठाय? सगळीकडे दाब, दाब, दाब, आणि सोडणं कुठेच नाही! हल्ली मुलीने पुस्तक उघडलं की मी खोलीतून निघून जाते. एवढंच. काही बोलत नाही. आणि मग परवा तिने आपणहून येऊन विचारलं, "आई, तू रंगीकडे जाशील तेव्हा मी येऊ?" बाई गं! मी आनंदाने नाचायचीच बाकी होते, पण नाचले नाही. "ये," म्हटलं आणि भाजी चिरत राहिले.

आता दुसरी गोष्ट, हिच्याहून भारी! बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा होता. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन. हा घोडा गणितं सोडवायचा! बेरीज विचारा, तारीख विचारा, खूर आपटून उत्तर द्यायचा. 1904 साली तपासायला समिती बसली, तिला कुठलीही लबाडी सापडली नाही. आणि मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण अभ्यासकाने चिकाटीने प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्स चुकतो! विचारणारा दिसत नसेल तरी चुकतो! फुंग्स्टने शोधून काढलं की बरोबर आकड्याशी खूर पोचला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर होतं, भोवतीच्या माणसांना दिसणारही नाही इतकं बारीक, आणि हान्स नेमका तिथे थांबतो. गंमत म्हणजे हे गुपित कळल्यावरही खुद्द फुंग्स्टला स्वतःचं डोकं स्थिर ठेवणं जमेना!

1907 साली हे सगळं छापून आलं आणि तेव्हापासून जग म्हणतं, घोड्याला गणित येत नव्हतं. अहो, पण त्याला काय येत होतं ते बघा ना! समितीतल्या विद्वानांना जे दिसलं नाही ते त्याला दिसत होतं! गणिताचं कौतुक काय, गणित यंत्रालाही येतं. समोरच्या माणसाच्या मानेतला ताण कधी सुटला हे कुणाला वाचता येतं? मला हान्सबद्दल फार वाईट वाटतं आणि फार अभिमानही वाटतो.

आणि स्वीडनमधला छत्रीचा प्रयोग! 2009 साली छापून आला. माणसांना सांगितलं, घोडा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. असं काही वेळा केलं. आणि मग शेवटच्या फेरीआधी सांगितलं की या खेपेला घोडा जवळून जाताना आम्ही छत्री उघडणार. घोडा दचकणार म्हणून माणसांच्या छातीत धडधड वाढली. छत्री उघडलीच नाही! तरी घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले! छत्री होती कुठे? माणसाच्या डोक्यात!

म्हणून मामा मला गोठ्यापाशी थांबवतात आणि म्हणतात, "श्वास सोडा, मग आत या." ऑफिसातलं भांडण डोक्यात घेऊन गेलं की रंगी मान वर करते, कान ताठ. काही बोलायच्या आत! आणि मग मी उभी राहते, खांदे खाली सोडते, पोटातून श्वास सोडते आणि तिची मान हळूहळू खाली येते. योगाच्या वर्गात सांगतात तेच, पण तिथे मला कधी कळायचं नाही की आत खरंच काही शांत झालं का. इथे लगेच कळतं! ग्रीक झेनोफोननेही सुमारे 2400 वर्षांपूर्वी घोड्यांवरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की रागात असताना घोड्याच्या वाटेला जाऊ नका. लढवय्या सेनापती होता तो, आणि सांगतोय काय, तर राग बाजूला ठेवा!

पण हे सगळं गोडगोड आहे असं समजू नका हं. जनावर पाळणं म्हणजे रोजचं काम. घोड्याला उलटी होत नाही, तुम्हाला माहीत होतं? होतच नाही! जे आत गेलं ते पुढेच जायचं. पोट अंगाच्या मानाने लहान, म्हणून थोडं थोडं, दिवसभर चरायला हवं. खाणं एकदम बदललं, पाणी कमी पडलं, की पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून दिवाळी असो, पाऊस असो, तुमचा मूड असो नसो, तिची वेळ म्हणजे वेळ. लीद काढायची, ती कशी पडली ते बघायचं, पाणी किती प्यायली ते बघायचं. लीद नीट पडली म्हणून आनंद होणारी मी, हे कुणाला सांगून खरं वाटेल? पण होतो! मनापासून होतो!

आणि खूर साफ करणं! खांद्यापासून हात खाली सरकवत न्यायचा, पायाच्या मागच्या शिरेला हलकं दाबायचं आणि थांबायचं. पळणं हाच जिचा जीव वाचवायचा मुख्य उपाय, ती पाय उचलून तुमच्या हातात देते! तळव्यात एक मऊ, त्रिकोणी भाग असतो, तो प्रत्येक पावलाला दाबला जातो आणि खुरातलं रक्त वर जायला मदत होते. म्हणजे चालण्याने रक्त फिरतं! मला रोज नवीन काहीतरी कळतं आणि रोज मी कुणाला तरी फोन करते.

आता तुम्ही यायचं. तुम्हाला घोडा विकत घ्यायला कोण सांगतंय! माथेरानला गेलात तर सेल्फी काढून परत फिरू नका, घोडेवाल्याला विचारा याचं नाव काय, हा कशाला घाबरतो. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा केवढा मोठा बाजार भरतो, तिथे जा, आणि नुसते कान बघत उभे राहा, अर्धा दिवस कसा जाईल कळणार नाही. नाहीतर सरळ रंगीकडे चला माझ्याबरोबर. खांद्याच्या बाजूने यायचं, कारण तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट शेपटीमागचं आणि थेट नाकासमोरचं नाही. गाजर आणा. तळहात सपाट, बोटं जुळवलेली, अंगठा आत. गाजर तिला दिसणार नाही, ती ओठांवरच्या लांब केसांनी चाचपून शोधेल, आणि गुदगुल्या होतील, पण हात काढायचा नाही बरं का!