माझ्यावरही राज्य

पोलिओने एक पाय लुळा झालेलं मूल चालायला लागलं की त्याचा हात आपोआप मांडीवर जातो. कुणी शिकवत नाही. गुडघा दगा देईल म्हणून मांडी मागे दाबायची, पाऊल टाकायचं, हात काढायचा, पुन्हा दाबायची. बघणाऱ्याला पाय दिसतो. मला मात्र हात आठवतो, कारण पायाच्या चाकरीत तोही अडकून पडतो. माझा उजवा पाय तसा, म्हणून उजव्या हातात कळशी घेता यायची नाही, छत्री धरता यायची नाही. हातात हात घालून शाळेत जायचं तर मैत्रिणीने डाव्या बाजूलाच यायला हवं. पुढे कॅलिपर आला. दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, कातडी पट्टे, गुडघ्याशी कडी आणि तळाला जड बूट. उभं राहिलं की कडी खाली सरकवायची, बसायचं असेल तर वर ओढायची. हात मोकळा झाला खरा, पण हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातली आमची जमीन काळी. पावसाळ्यात बुटाला चिखलाचे थर चढत, आणि बांधावर बसून काडीने खरवडल्याशिवाय पुढचं पाऊल उचलायचं नाही.

एवढा खटाटोप रोजचा असूनही लहानपणी माझ्या मनात पायाचा विचार फारसा नसायचा. मनात असायचा खेळ.

डब्बा ऐसपैस असो, शिवणापाणी असो, मला सगळे घ्यायचे. “हिला कच्चं लिंबू घ्या रे,” कुणीतरी म्हणायचं आणि डाव सुरू व्हायचा. पोरं मनाने चांगली होती, वगळायची नाहीत. पण कच्च्या लिंबावर राज्य येत नाही. ते सापडलं तरी बाद होत नाही, त्याने कुणाला शिवलं तरी कुणी धरत नाही. संध्याकाळभर घामाघूम व्हायचं, ओरडायचं, गुडघे फोडून घ्यायचे, आणि दिवेलागणीला कोण जिंकलं, कोण हरलं यात आपलं नाव कुठेच नाही. अपंग मुलांच्या महत्त्वाकांक्षेबद्दल बोलताना लोक एकदम शिखरं चढण्याच्या गोष्टी काढतात. माझी पहिली महत्त्वाकांक्षा एवढीच होती, की माझ्यावर राज्य यावं.

घरी माया होती, आणि मायेचा धाक फार मोठा. “कशाला पळायलीस माय, पडशील ना. बस इथं सावलीला,” आजी म्हणायची. शाळेत खेळाच्या तासाला मला दप्तरं राखायला बसवत. ती दप्तरं कुणी नेणार नव्हतं. मुलाला दुखू नये म्हणून त्याला करू द्यायचं नाही, ही रीत मी पुढे किती तरी घरांत पाहिली. या मुलांचे दिवस पडून, लागून जात नाहीत, असे सावलीत बसूनच जातात.

हळदीच्या दिवसांत मात्र कुणी मला बाजूला बसवू शकत नसे. माघ-फाल्गुनात कंद निघाले की आमच्याकडे बाया रांगेने बसून ते मोडतात. जेठे गड्डे एकीकडे, हळकुंडं दुसरीकडे, मग शिजवायला. बसायचं काम. कडी वर ओढली, पाय लांब केला की दोन्ही हात माझे. कंद कुठे मोडतो ते बोटांना कळायचं, मातीसकट कट्‌कन आवाज यायचा, आणि नखांत पिवळा रंग आठवडाभर राहायचा. माझी टोपली शेजारणीच्या आधी भरली तर ती आधी भरली, मागे राहिली तर मागे राहिली. टोपलीला कुणाचा पाय कसा आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं.

आणि लंगडी! कॅलिपर काढून ठेवायचा, लोंबता उजवा पाय आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाने मागे बांधून घ्यायचा आणि डाव्यावर उभं राहायचं. जन्मभर दोघांचा भार वाहून तो डावा पाय भलताच बळकट झालेला. माझ्यामागे कुणी लागलं तर मी सगळ्यांत आधी बाद व्हायचे. पण लंगडी घालायची पाळी माझी आली की एकेक गडी टिपत जायचे. एकदा पलीकडच्या गटातली एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “हे बरोबर नाही. हिला सवयच हाय एका पायाची!” तिने माझ्याशी भांडण काढलं होतं. कच्च्या लिंबाशी कुणी भांडत नाही. त्या दिवशी मी घरी कशी आले, मला आठवत नाही, बहुधा उडतच.

सगळे सारखे होतात अशी आणखी एक जागा होती. आजी मला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला न्यायची. तिथे गाभारा जमिनीखाली, उतरायची वाट अरुंद, छत बुटकं. धडधाकट माणसंही वाकत, बसत, भिंतीला हात लावत उतरतात. कीर्तन करणाऱ्या संत नामदेवांना देवळामागे बसवलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट आजी तिथे दर वेळी सांगायची. तिला देऊळ फिरल्याचं कौतुक. मला मात्र मागच्या बाजूला जाऊनही त्यांनी कीर्तन चालूच ठेवलं, हे आवडायचं.

खेळाच्या मैदानात बसूनही गोळा फेकतात हे मात्र मी फार उशिरा पाहिलं, आणि तेही आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव यांच्यामुळे. मुखेड तालुक्यातलं होनवडज त्यांचं गाव. अपंग खेळाडूंच्या स्पर्धांतल्या एफ-34 या गटात त्या गोळा फेकतात. जमिनीला पट्ट्यांनी जखडलेली लोखंडी बैठक, तिची उंची 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि फेकताना अंग बैठकीवरून उचललं की फेक बाद. हा बाद होण्याचा नियम वाचून मला जो आनंद झाला तो पदकांच्या बातम्यांनीही झाला नसेल. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये त्या 7.00 मीटर फेकून सातव्या आल्या, 2024 मध्ये पॅरिसला 7.28 मीटर फेकून पाचव्या. तिथे भालाफेकपटू सुमित अंतिलसोबत उद्घाटनाच्या संचलनात देशाचा ध्वजही त्यांच्या हाती होता, पण मी त्या 28 सेंटिमीटरपाशी थांबते. वीतभराहून थोडं जास्त अंतर. त्यामागे किती सकाळी गेल्या असतील! आणि पाचवा क्रमांक हा खराखुरा पाचवा क्रमांक, कुणी मायेने दिलेला नव्हे.

मुरलीकांत पेटकरांचंही तसंच. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा सैन्यातला मुष्टियोद्धा 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर पोहला, 37.33 सेकंदांत, आणि भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळालं. घड्याळाने त्यांची नोंद तिथल्या तिथे घेतली. आपल्याकडून पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं.

पोलिओ आता आपल्याकडून गेला. नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला. कॅलिपरची खडखड करत शाळेत जाणारी आमची पिढी बहुतेक शेवटची. पण मळणीयंत्रात हात गेलेली पोरं आहेत, जन्मतःच स्नायूंवर ताबा नसलेली लेकरं आहेत, आणि गावोगावच्या मैदानांत त्यांची जागा अजून कडेलाच आहे. फेकीची ती बैठक म्हणजे लोखंडी पाइप, एक फळी आणि पट्टे. वसमतचा कुठलाही वेल्डर ती करून देईल. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, प्रत्येक तालुक्याच्या मैदानात तशी एक बैठक रोवलेली मला बघायची आहे. शेजारी गोळा, मोजायला टेप, आणि एक वही. त्या वहीत पोरींची नावं अंतराच्या क्रमाने लिहिलेली असावीत, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, आणि बाद फेकीपुढे ठसठशीत फुली.