उरलचा डोंगर आणि बर्फातलं लोखंडी दार

शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलं होतं ना, की उरल पर्वतामुळे युरोप आणि आशिया हे खंड वेगळे झाले आहेत? परीक्षेत एक मार्क मिळाला की उरलशी आपला संबंध संपला! मी अर्धवेळ का होईना, भूगोल शिकवते, त्यामुळे माझा मात्र दरवर्षी त्याच्याशी नव्याने संबंध येतो. म्हणून उरलवरचा एक रहस्यपट घरी पाहायला मिळाला, तेव्हा कामं आवरून मी मोठ्या हौसेने बसले. चित्रपटाबद्दल सांगतेच, पण मैत्रिणींनो, आधी डोंगर पाहू या.

मुलांचा नकाशा काढा. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रापासून खाली कझाकस्तानपर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटरची ही उभी रांग. उंची मात्र बेताचीच. सर्वांत उंच शिखर नरोदनाया १,८९५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम अडीचशे मीटर जास्त. डोंगर फार म्हातारा आहे, पंचवीस-तीस कोटी वर्षांचा. वारा, पाऊस, बर्फ यांनी तो झिजत गेला आणि पोटातलं सगळं वर आलं. लोखंड, तांबं, सोनं, प्लॅटिनम, पाचू! हिरव्या रेघारेघांचा मॅलाकाइट इथलाच. सेंट पीटर्सबर्गच्या राजवाड्यातल्या एका दालनाचे खांब त्याने मढवले आहेत. १८३०च्या दशकात पाचूच्या खाणीत अलेक्झांड्राइट नावाचं रत्न सापडलं. ते दिवसा हिरवं दिसतं आणि दिव्याच्या उजेडात लालसर. (आमचे हे म्हणाले, ‘बरं झालं आपल्याकडे मिळत नाही.’) आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू पाहिली आहे ना? त्यातल्या इल्मेनाइटला नाव मिळालं ते दक्षिण उरलमधल्या इल्मेन टेकड्यांवरून.

अशा या डोंगराच्या उत्तर भागात, १९५९च्या फेब्रुवारीत, नऊजण मेले. बहुतेक स्वेर्दलोव्स्कच्या तंत्रशाळेतले विद्यार्थी आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण, स्कीवरून भटकंतीला निघालेले. म्होरक्या ईगोर द्यातलोव. दोन मुली होत्या, झिना बावीस वर्षांची आणि ल्युदा वीस. उघड्या उतारावर बर्फ खणून त्यांनी तंबू ठोकला. जवळ छोटी शेगडी होती, पण त्या रात्री ती लावलीच नव्हती. मध्येच केव्हातरी तंबू आतून चाकूने फाडून सगळे बाहेर पडले. कित्येकांच्या पायात नुसते मोजे. दीड किलोमीटरवर एका झाडाखाली दोघं विझलेल्या शेकोटीपाशी सापडले, तिघं तंबूकडे परतण्याच्या वाटेवर. उरलेले चौघं ओढ्याच्या घळीत बर्फाखाली होते, ते मे महिन्यात मिळाले. काहींच्या छातीच्या फासळ्या मोडलेल्या होत्या.

‘द डायटलॉव्ह पास इन्सिडेंट’ हा चित्रपट या गोष्टीवर बेतलेला आहे. काही देशांत तो ‘डेव्हिल्स पास’ या नावाने लागला. २०१३चा. दिग्दर्शक रेनी हार्लिन, ‘क्लिफहँगर’वाले. पाच अमेरिकन विद्यार्थी कॅमेरा घेऊन छडा लावायला जातात आणि सगळं जणू त्यांच्याच कॅमेऱ्यातून आपल्याला दिसतं. पहिला तासभर मला आवडला, खोटं कशाला बोलू! वाऱ्याचा आवाज, पांढऱ्या रंगाचा कंटाळा, एकमेकांवर चिडणं, सगळं पटतं. आणि मग बर्फात एक लोखंडी दार सापडतं! आत लष्कराचं तळघर, गुप्त प्रयोग, पांढरीफटक भुतं. हिमस्खलनसुद्धा आहे, पण ते स्फोट करून, गडगडाटासह. डोंगराच्या नावाचंही तसंच. मान्सी लोक त्याला ‘मेलेला डोंगर’ म्हणतात, ते तिथे शिकार मिळत नाही म्हणून. त्या नावाची भीती घालायचं कारण नव्हतं.

खरा उलगडा त्या दारापेक्षा जास्त अंगावर येतो. २०२१ साली स्वित्झर्लंडमधल्या योहान गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन या दोन संशोधकांनी गणित मांडून दाखवलं. उतार दिसायला सौम्य, पण बर्फाखाली तो वाटतो त्यापेक्षा उभा होता. तंबूसाठी खणल्यामुळे वरच्या थराचा आधार गेला, रात्रभर वाऱ्याने तिथे आणखी बर्फ आणून टाकला आणि काही तासांनी एक लादी सुटली. मोठी नव्हे, छोटीच! झोपलेल्या माणसाच्या फासळ्या मोडायला तेवढी पुरते. आणि गंमत ऐका, गोम यांना त्यासाठी मदत झाली ती ‘फ्रोझन’ची. हो, मुलींच्या डब्यांवर-दप्तरांवर जी एल्सा असते, तिचाच, आणि तोही २०१३चाच. त्यातला बर्फ इतका खरा कसा सरकतो, हे त्यांनी तो करणाऱ्यांनाच विचारलं आणि ते गणित आपल्या कामी लावलं. सगळ्याच शंका फिटल्या असा दावा दोघांनी केलेला नाही, पण तळघराची गरज उरत नाही एवढं खरं.

माझी तक्रार भुतांबद्दल नाहीच. भुतांचे सिनेमे मी आवडीने पाहते. पण त्या नऊजणांनी तंबू सोडल्यावर शेकोटी पेटवली, मेलेल्यांचे कपडे जिवंतांना घातले, घळीत फांद्यांची बैठक केली. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी, अंधारात, उणे पंचवीस अंशाच्या थंडीत! हे सगळं सोडून दिग्दर्शकाला दार का लागावं?

निघाले होते ते दहाजण. युरी युदिनची पाठ-पाय दुखू लागले, म्हणून तो भूगर्भशास्त्रज्ञांच्या एका ओसाड वस्तीवरून मागे फिरला. तिथे पडलेले खनिजांचे काही तुकडे त्याने आठवण म्हणून बरोबर घेतले. पुढे त्याने सोलिकाम्स्क या उरलच्याच पायथ्याच्या गावात नोकरी केली. तिथे पोटॅशच्या खाणी आहेत. आपले सोबती का मेले, हे तो जन्मभर विचारत राहिला. तो वारला २०१३च्या एप्रिलमध्ये, आणि त्याला मित्रांच्या शेजारीच पुरलं.

चित्रपट पाहायचाच असेल तर पहिला तास पाहा. मुलं झोपल्यावर.