बॅगेची जागा

आमच्या आगाशीच्या घरात जुन्या वस्तू टाकून द्यायची पद्धत नाही; त्या पडवीत ठेवून विसरून जायची पद्धत आहे. गळका बंब, तीन पायांचे टेबल, कंदिलाच्या काचा, असा सगळा संसार तिथे सुखाने नांदतो आहे. यांतली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, फियाट. ती पडवीत मावली नाही म्हणून विहिरीमागच्या छपराखाली उभी होती, एवढाच काय तो फरक.

मामंजी डॉक्टर होते. १९६६ साली त्यांनी ही गाडी घेतली, तेव्हा मोटार मिळवणे हे मुलीचे लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम होते. पैसे भरायचे, आणि आपला नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहायची. गाडी होती फियाट अकराशे डी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून ‘डिलाइट’ या नावाने तयार होई. पुढे १९७४ साली हीच गाडी ‘पद्मिनी’ झाली आणि काळापिवळा साज चढवून मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावू लागली. आमची मात्र शेवटपर्यंत डिलाइटच राहिली. रंग फिकट हिरवा, केळीच्या कोवळ्या पानासारखा.

या गाडीतून मामंजी रात्री-अपरात्री अर्नाळ्याला, बोळिंजला, नंदाखालला पेशंट पाहायला जात. परत यायला कधी दोन वाजत, कधी पहाट होई. सासूबाई अंथरुणावर पडून ऐकत राहायच्या. तळ्याच्या वळणावर इंजिनाचा आवाज आला, की उठून हातपाय धुवायला पाणी तापत ठेवायच्या. मामंजी दारात येईपर्यंत पाणी कढत झालेले असे. मी १९८४ साली या घरात सून म्हणून आले, तेव्हा मला हा चमत्कारच वाटला होता. मला तो आवाज पाणी तापून गेल्यावर ऐकू यायचा.

फियाटची पुढची सीट म्हणजे एक सलग बाक. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे तिघे आरामात बसत. पण आमच्याकडे पुढे बसे ती मामंजींची औषधाची बॅग. सासूबाई मागे, आम्ही मागे, मुले मागे आणि बॅग पुढे! एकदा धाकट्या मुलाने विचारलेही, “आजी, बॅग तुझ्यापेक्षा मोठी आहे का रे?” सासूबाई हसल्या, काही बोलल्या नाहीत.

१९९८ साली मामंजींनी दवाखाना बंद केला आणि गाडीही थांबली. २००४ साली ते गेले. आमचे हे बँकेत. सकाळची विरार लोकल आणि रात्रीची विरार लोकल यांच्या मध्ये जे काय उरेल, त्यात संसार. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत होते. गाडीकडे पाहायला सवड कुणाला? दर उन्हाळ्यात तिच्या टपावर पापड आणि कुरडया मात्र वाळत. पुढे पावसाचे पाणी गळू लागले म्हणून मीच एक जाड प्लॅस्टिकची ताडपत्री आणून तिच्यावर घट्ट बांधली आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात घरात आले.

अशी पंचवीस वर्षे गेली.

सासूबाईंची नजर काचबिंदूने अधू झाली आहे, म्हणून रोज सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बातमी होती, की मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा काळ संपला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. सासूबाईंनी सगळी बातमी ऐकून घेतली आणि विचारले,

“आपली कशी आहे गं?”

एखाद्या आजारी नातेवाइकाची चौकशी करावी, तसा स्वर होता. मी म्हटले, “विहिरीमागे आहे, आई.”

“कुठे आहे ते मला ठाऊक आहे. कशी आहे?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुपारी जाऊन ताडपत्री सोडली. वाचकहो, जे दिसले ते सांगताना आजही शरम वाटते. अर्नाळ्याचा समुद्र आमच्यापासून जवळ. खारा वारा लोखंडाला सुखाने जगू देत नाही. त्यात माझ्या ताडपत्रीने आतली ओल आतच कोंडून ठेवलेली. उघड्यावर असती तर निदान वाऱ्याने सुकली तरी असती! दाराखालचा पत्रा बोट लावताच बिस्किटासारखा तुटला. तळाच्या पत्र्याला भोक पडून त्यातून गवत वर आले होते. मागच्या सीटमध्ये उंदरांचे बिऱ्हाड. ओल म्हणजे काय, गंज कसा चढतो, हे मी तीस-पस्तीस वर्षे फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतले होते.

ह्यांनी भंगारवाल्याला बोलावून ठेवलेच होते. तो म्हणाला, वजनावर घेतो. गाडी भरली असती जेमतेम नऊशे किलो. गंजाने त्यातलेही काही खाल्लेले. मी म्हटले, “थांबा. आईंना विचारते.” आणि विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन आले.

हा मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. सहामाहीला माझ्याच विषयात नापास झालेला. त्याने बॉनेट उघडले, कान लावला, पंखा हाताने हलवून पाहिला आणि म्हणाला, “बाई, इंजिन जाम आहे, पण मेलेलं नाही.” मग त्याने मला पुढचा धडा शिकवला. इतकी वर्षे उभे राहिले की सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनच्या रिंगा धरून बसतात. जोर केला तर काहीतरी मोडते. त्याने चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतले आणि सांगितले, “आता आठ दिवस हात लावायचा नाही.” नवव्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून आम्ही ती मागेपुढे रेटू लागलो. हे, मी, मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या. तासाभराने ती वीतभर सरकली आणि पंखा फिरला. ह्यांनी इतका आनंद पगारवाढ झाली तेव्हाही दाखवला नव्हता.

भंगाराचा विषय त्या दिवसापासून निघाला नाही.

पुढची दोन वर्षे आमच्या घरात दुसरे बोलणे नव्हते. तळाचा पत्रा कापून नवा वेल्ड केला. चारही चाकांच्या ब्रेकची रबरे विरघळून गूळ झाली होती, ती बदलली. सुटे भाग आणायला आम्ही कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर जाऊ लागलो. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली, तिथेच तिच्या भावंडांचे अवयव ढिगाने पडलेले! टॅक्सी मोडीत गेल्यामुळे माल मिळत होता; हिशेबाने आनंद व्हायला हवा होता, पण ओळखीची दारे आणि दिवे पाहून पोटात कालवत असे. पेट्रोलची निराळीच तऱ्हा. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. ते जुन्या रबराला खाते आणि पाणी ओढून घेते. म्हणून पेट्रोलची नळी आणि पंपाचा पडदा नव्या जातीचा घालावा लागला.

काम अर्धे झाले असता मुंबईहून एक गृहस्थ आले. आहे तशी गाडी द्या म्हणाले, आणि आकडाही बरा सांगितला. मला आमच्या गावाची जुनी गोष्ट आठवली. सोळाव्या शतकात आगाशीला जहाजे बांधली जात. १५४० साली इथे बांधणीत असलेले एक जहाज पोर्तुगीजांनी पळवले आणि त्यातून पुढे युरोपच्या फेऱ्या केल्या, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. मी गृहस्थांना चहा आणि आगाशीची सुकेळी दिली आणि रिकाम्या हाताने परत पाठवले.

मग कागदांचा प्रश्न. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून खास नोंदणी मिळते. नंबरात ‘व्ही ए’ अशी अक्षरे येतात. ह्यांना त्याचा भारी मोह. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यायची. शिवाय मूळ रूप फारसे बदललेले नसावे, अशीही अट आहे. सासूबाईंनी ऐकून विचारले, “म्हणजे कुणाच्या घरी न्यायची नाही?” त्या एका प्रश्नावर विंटेज बारगळले. आम्ही दंड भरून जुनीच नोंदणी पुन्हा जिवंत करायला घेतली.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी गाडी पहिल्यांदा सुरू झाली. मी सासूबाईंना हात धरून ओटीवर आणून बसवले होते. मिस्त्रीने चावी फिरवली. दोनदा नुसती घरघर, तिसऱ्यांदा इंजिन लागले. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. सासूबाई मान कलती करून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “टॅपेट वाजतोय.”

मिस्त्री चाटच पडला. त्याने इंजिन बंद केले, पातळ पट्टी घालून गाळे मोजले. दोन टॅपेट खरोखरच ढिले होते. ते बसवून पुन्हा सुरू केले. आता आवाज गोड, एकसारखा आला. मी विचारले, “आता बरोबर ना, आई?”

“चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पण हा आवाज त्यांचा नाही.”

टाळ्या थांबल्या. मिस्त्री हळूच म्हणाला, “बाई, जुना सायलेन्सर फुटका होता. डॉक्टरसाहेबांनी पत्र्याचा डबा कापून वर बांधलेला होता. मी नवा घातला.” म्हणजे तीस वर्षे सासूबाई ज्या आवाजावर उठत होत्या, तो एका भोकाचा आवाज होता. ते भोक पुन्हा पाडायचे का? मिस्त्री तयार होता. सासूबाईच नको म्हणाल्या. “फुटकं ते फुटकंच. मला पुढे बसव.”

त्या पुढे बसल्या. डावा हात सीटवरून फिरवत राहिल्या. बॅग जिथे ठेवलेली असे, तिथला खळगा त्यांना सापडला नाही. गादी नवी होती.

तेव्हापासून दर संध्याकाळी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवायचे आणि सासूबाईंनी पुढे बसायचे, असा नेम झाला. पुढे तपासणी झाली, कागद हाती आले. त्यानंतर एका रात्री गाडी घेऊन मी एकटीच विरारला मैत्रिणीकडे गेले. स्टिअरिंगवरचा गिअर अजून अंगवळणी पडलेला नाही. परतताना बोळिंजला दोनदा बंद पाडली. उशीर झाला. तळ्याच्या वळणावर आले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, आणि एवढ्या वेळाने घरात सगळीकडे अंधार असतो.

पण स्वयंपाकघरात दिवा होता. गॅसवर पातेल्यात पाणी कढत होते. सासूबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. दिसत नसताना गॅस कसा पेटवला, हे मी रागावून विचारणार होते.

“उशीर केलास,” त्या म्हणाल्या. “पाय धुऊन घे.”